एकशे त्रेचाळीस किलोमीटर, सतरा स्टेशने

मी, खाली सही करणारा, वय बावन्न, धंदा नकाशे आखणे, राहणार एकटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, काळ्या शाईत, खाडाखोड न करता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, ती येत्या गुरुवारी डॉक्टर उघडणार आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी असावे लागते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. माझी राहती खोली, दुसरा मजला, आतून मोजता चौदा फूट दोन इंच बाय अकरा फूट (कागदोपत्री चौदा फूट लिहिले आहे, ते चूक आहे), आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला मिळावे. तिला मी एकदाच पाहिले. तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि माझी मोजपट्टी काही केल्या सोडत नव्हती.

कलम २. रूलिंग पेने चार, परकार दोन, टी-पट्टी एक, हे सर्व त्या रात्रशाळेला द्यावे, जिने मला दाखला नाही म्हणून दारातून परत पाठवले होते. अट एकच. हत्यारे काचेच्या कपाटात ठेवायची नाहीत, वापरायची. शिकवणारा नसेल तर पोरांनी चुकत शिकावे. मी सातवीनंतर रेल्वेच्या ऑफिसात नकाशांवरची धूळ झाडायला लागलो. त्रिकोणमितीचे पुस्तक रद्दीत मिळाले, त्यातली उत्तरांची पाने फाटलेली होती. त्यामुळे प्रत्येक उत्तर मलाच ताडून पाहावे लागले. ती सवय जडली ती जडलीच.

कलम ३. माझे भिंग माजी मुख्य आरेखक साहेबांना. ते म्हणायचे, "तू रेघ ओढ रे. विचार करायला वर माणसं बसलीत." वर बसलेल्या माणसांनी नदीवरचा पूल सहा फूट बुटका धरला होता. मी ते दाखवून दिले तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिले, नकाशाकडे पाहिले नाही. भिंग त्यांना लागेल.

कलम ४. आखणीचे टेबल खालच्या मजल्यावरच्या शिंपी मास्तरांना द्यायचे मनात होते. पण मास्तर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वाचनात आले. म्हणून टेबल त्यांनी मी जिवंत असतानाच उचलून न्यावे. एक पाय आखूड आहे. त्याखाली घातलेला पुठ्ठा सोबत न्यावा.

कलम ५. पलंगाखालच्या लोखंडी पेटीत एक रेल्वेमार्ग आहे, कागदावरचा, तो ताईला. हे शहर ते ताईचे सासर, एकशे त्रेचाळीस किलोमीटर, स्टेशने सतरा, बोगदे दोन. तीस वर्षांपूर्वी त्याची मोजणी झाली. मग वरून एका ओळीचे पत्र आले, "सध्या विचार नाही." ते 'सध्या' अजून चालू आहे. मार्ग झाला नाही म्हणून मी तो घरी पुरा केला. प्रत्येक पुलाची उंची, प्रत्येक चढ, फलाटावरचा पाण्याचा नळ, नवव्या स्टेशनवर मालगाडीला वाट देताना लागणारी अकरा मिनिटे, सगळे आहे. मास्तर एकदा म्हणाले, "अहो, गाडी नाही, रूळ नाही, आणि तुम्ही उशीर कसला मोजताय?" मी म्हटले, "मास्तर, उशीर न होणारी गाडी खोटी असते."

पण हे वेळापत्रक मी कशासाठी केले ते मास्तरांना सांगितले नाही. इथे सांगतो. आई गेली त्या दिवशी ताईला निरोप सकाळी दहाला पोचला. तीन बस बदलून ती रात्री सव्वानऊला दारात आली. आई सहा पंचवीसला गेली होती. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे ताईला अकरा वीसची पॅसेंजर मिळाली असती. ती इथे चार वाजून पाच मिनिटांनी लागते. स्टेशनपासून घर चालत पंधरा मिनिटे. म्हणजे आईजवळ दोन तास पाच मिनिटे. यात मी एक मिनिटही लाडाने घातलेले नाही.

कलम ६. त्या रात्री ताई उंबऱ्यातच म्हणाली, "तुझ्या गाडीने आले असते तर आई भेटली असती."

मी म्हणालो, "मी काय रेल्वेमंत्री आहे?"

त्यावर ती काही बोलली नाही. एकोणीस वर्षे झाली, अजून बोललेली नाही, आणि मीही नाही. सरकारचे पाप माझ्या माथी मारले, असे मी धरून बसलो. मास्तरांनाही तसेच सांगितले. ते खोटे आहे.

आमच्या धंद्यात तुटक रेघ म्हणजे प्रस्ताव आणि अखंड रेघ म्हणजे मंजुरी. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. सांगून आलेले स्थळ लांब, म्हणून ताई नको म्हणत होती. बाबांनी मला विचारले, तेव्हा मी ऑफिसातल्या नकाशाची प्रत घरी काढून दाखवली. मूळ नकाशात रेघ तुटक होती. मी ती अखंड काढली. हात चुकला नाही. तुटक रेघ कच्ची दिसते, आणि त्या दिवशी घरातले सगळे पहिल्यांदाच माझ्या कामाकडे पाहत होते.

"गाडी खरंच येणार ना रे?" ताईने विचारले.

"ताई, स्टेशन तुझ्या दारापासून चारशे पावलांवर. दर रविवारी येशील. आईच कंटाळेल तुला."

ती हसली आणि हो म्हणाली. रुसायचा हक्क तिचा होता. तो मी बळकावला.

शेजारच्या नर्सबाई परवा विचारत होत्या, "गुरुवारच्या कागदावर नातेवाइकाची सही लागेल. कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही."

"मग काढा की एखादा नकाशात!"

त्या ओघात बोलून गेल्या. मी मात्र पेटी उघडून रात्रभर बसलो. सतरा स्टेशनांवरचे सतरा नळ मला पाठ आहेत, पण ताईच्या गावाला मी एकदाही गेलेलो नाही. बसने जाणे म्हणजे गाडी येणार नाही यावर सही करणे, असे वाटायचे.

कलम ७. चौथे सोडून वरची सर्व कलमे माझ्या पश्चात अमलात यावीत. सहावे कलम मात्र आजच अमलात येईल. ते वकिलामार्फत किंवा पोस्टाने जायचे नाही. ते मी ताईला तोंडाने सांगणार. तिने दार लावून घेतले तर तो तिचा हक्क आहे, आणि त्यावर माझी हरकत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले. बरोबर आहे.

सही : (नकाशे आखणारा)

साक्षीदार पहिला : शिंपी मास्तर, खालचा मजला. सही केली. टेबल नेत नाही म्हणतात, "परत आल्यावर बघू."

साक्षीदार दुसरी : नर्सबाई, शेजारची खोली. सही केली. सही करताना म्हणाल्या, "येताना दोन तिकिटं काढा." हे मृत्युपत्रात लिहिण्याची गरज नाही, तरी लिहिले.

स्थळ : बस स्थानक, फलाट क्रमांक चार. दोन्ही साक्षीदार सोडायला आले आहेत.

दिनांक : ५ ऑक्टोबर १९९८, सोमवार, सकाळी पाच वाजून बत्तीस मिनिटे. बस पाच चाळीसची आहे. अजून लागलेली नाही.