तिसऱ्या कडव्यापाशी

दि. ४ मार्च, सकाळचे सव्वासहा.
चहाचं आधण ठेवून, भिंगरी उठायच्या आत लिहायला बसलो आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन करता आला असता, पण आमची खोली एकच आणि तुझ्या लेकीचे दोन्ही कान माझ्याकडे. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात तरी तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

तू आणि भावोजी पुलाच्या कामावर गेलात तेव्हापासून भिंगरीच्या बाबतीत मी एकही कागद न वाचता सोडलेला नाही. परवा तिची तोंडी परीक्षा झाली. लेखीत ती पास झाली होती. तोंडीत निभावलं की वसतिगृहाच्या शाळेत जागा, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट, शाळा संपेपर्यंत. नियमांचा कागद मी तिला इतक्या वेळा वाचून दाखवला की शेवटी ती म्हणाली, मामा, परीक्षा माझी आहे की कागदाची. पालकांनी फाटकाबाहेर थांबावं, असा त्यात एक नियम होता. तो मी मोठ्यानं वाचला होता, हे मुद्दाम लिहितो.

फाटकाशी तिनं माझा हात सोडला नाही. मला दिसशील असा कुठेतरी उभा राहा, एवढंच म्हणाली. शिपाई पाणी भरायला गेला होता. मी आत शिरलो आणि वर्गाच्या मागच्या खिडकीशी जाऊन थांबलो. नुसतं उभं राहायचं, असं ठरवून. तिघा परीक्षकांच्या पाठी माझ्याकडे, तिचं तोंड माझ्याकडे.

नदीवरची कविता तिनं स्वतःच निवडली होती. दोन कडवी झकास म्हटली. तिसऱ्याच्या तोंडाशी अडली. ताई, माझं काम तुला ठाऊक आहे. शाळा सुटल्यापासून मी नाटक कंपनीत विंगेत वही धरून बसतो. नटाची जीभ अडली, डोळा माझ्याकडे वळला, की माझ्या तोंडून पुढचा शब्द गेलेला असतो. गेला हे मला मागाहून कळतं. आणि तो नटाला ऐकू जातो, पहिल्या रांगेला नाही, याचाच मला पगार मिळतो. तिचा डोळा वळला आणि मी कडव्याचे पहिले दोन शब्द दिले. तिनं ते उचलले आणि कविता पुरी केली. चष्म्याला साखळी लावलेल्या एक बाई होत्या, त्यांनी शाबासकी दिली. सगळी पाठ केलीस का, असं विचारलं. ती हो म्हणाली.

परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी न बसता पुढच्या बाकावर जाऊन बसली. आज दुपारी यादी लागेल. नाव नसेल तर पत्र टाकायचंच नाही असं ठरवलं होतं. पण नाव असलं तर काय करायचं, तेच कळेना, म्हणून लिहिलं.

चहा उतू गेला. रागाव, पण माया आवरती घेऊ नकोस.
तुझा,
धाकटा

ता. क. नाव आहे. बावीस मुलींत एकविसावं.


दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी फोडलं, आणि ह्यांची सवय तुला माहीत आहे, ता. क. आधी वाचतात. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर तसाच ठेवून धावत कँटीनमध्ये आले आणि माझ्या गल्ल्यातून सगळ्या पाळीला चहा पाजला. वरचा मजकूर मी नंतर वाचला.

तू लहानपणापासून असाच. पायाखाली मुंगी आली तर तिच्या घरी जाऊन कळवणारा. अरे, दोन शब्द! पेपर फोडलास का, कुणाचं उत्तर उतरवलंस का? लेकरू घाबरलं, मामानं हात दिला. त्या खिडकीशी तू नसतास तर दुसऱ्या कुणाचा तरी काका असताच. इथे धूळ, आवाज, आणि दर वर्षाला नवं गाव. पोरीला एका जागी शिकायला मिळणार, तेही फुकट, याहून मला काही नको. तेव्हा तोंड शिवून टाक आणि तिलाही तसंच सांग. दोन दिवसांत सगळे विसरतील.

ह्यांनी दप्तरासाठी सातशे पाठवले आहेत. बंद मजबूत बघून घे. तू नीट जेवतोस ना? तुझ्या अक्षरावरून तर वाटत नाही.

आमची आठवण तुम्हा दोघांच्या भांडणातही असू दे.
तुझी,
ताई


दि. १४ मार्च, दुपारचे तीन.
तालमीच्या हॉलमध्ये, नट यायच्या आधी.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तोंड शिवून पाहिलं. माझं शिवलं गेलं, तिचं डोळ्यांतून उसवतं आहे.

मंगळवारी तिच्या आत्ताच्या शाळेत गणिताची चाचणी होती. प्रत्येक उदाहरणाला ती मान वळवून खिडकीकडे पाहत होती, असं वर्गशिक्षिकांनी मला बोलावून सांगितलं. बाहेर कुणी आहे का म्हणून त्या स्वतः उठून पाहून आल्या. कुणी नव्हतं. मी इथे होतो.

आमचे खलनायक तुला आठवत असतील. मिशाही खऱ्या, आवाजही खरा. पण वर्षानुवर्षं विंगेकडे पाहून पाहून आता त्यांना ‘कोण आहे तिकडे’ एवढंसुद्धा माझ्याशिवाय म्हणवत नाही. घरी बायकोनं भाजी काय करू विचारलं तर आपण दाराकडे पाहिलं, असं ते स्वतःच सांगतात आणि पोट धरून हसतात. भिंगरी या गोष्टीला दर वेळी लोळायची. काल त्यांनी पुन्हा सांगितली, तेव्हा ती उठून बाहेर गेली.

मग वाटेत तिनं मला विचारलं की नव्या शाळेला खिडक्या आहेत का, आणि मला रोज सुट्टी मिळेल का. मी म्हटलं, तुला माझी गरज पडायची नाही, तू हुशार आहेस. तर म्हणाली की ते आता कसं कळणार. तिसरं कडवं येतच होतं, मामा. ओठांवर होतं. तू बोललास.

ताई, हे ऐकल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. जेवायला बसतो आणि उठतो. काल वहीचं पान चुकलो, असं कधी झालेलं नाही. यादीच्या फळ्यापाशी त्या दिवशी एक मुलगी प्रतीक्षायादीतल्या आपल्या नावावर बोट ठेवून उभी होती, पहिलंच नाव. ती सारखी डोळ्यांपुढे येते. प्रवेश चोवीस तारखेला आहे. त्याच्या आत मला तुझा शब्द हवा. तुझ्या शब्दाशिवाय मी त्या शाळेत खरं सांगायला जाणार नाही, कारण पोर तुझी आहे. आणि न जाता राहवेल असंही वाटत नाही.

उत्तर लगेच टाक. तुझ्या रागालाही मी आपुलकीच समजतो.
तुझा,
धाकटा


दि. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा रविवारचा फोन आठवला.

दर रविवारी ती मला सातचा पाढा म्हणून दाखवते, आणि अडली की पुढचा आकडा मी देते. ह्यांनी तर तिच्या नकाशातल्या नद्या इथून काढून पाठवल्या होत्या. त्यावर शाळेनं छान असा शेरा दिला तर आठवडाभर ऐटीत होते, जणू ह्यांनाच मिळाला. तेव्हा विंगेत तू एकटा बसलेला नाहीस.

परवाच्या रविवारी मी ठरवून गप्प राहिले. ती अडली. मी ओठ चावून बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, आई, फोन तुटला का? मी नाही म्हटलं. मग तिनं पाढा पहिल्यापासून घेतला आणि पार केला. माझ्या पदराला घाम पुसायची पाळी आली.

ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की सांधा आत पोकळ राहिला तरी वरून घासून चकचकीत करता येतो, पण मग त्यावरून गाडी जायची वेळ आपल्या नशिबी येऊ नये. जागा जाईल हे त्यांनाही कळतं. डोळे भरले होते. ठिणगी गेली म्हणाले. सुट्टीच्या दिवशी.

तर माझा शब्द असा. आधी तिला विचार. तिला पटलं तर तिचं तिनं सांगावं, तुझं तू सांगावंस. तिच्या तोंडात वाक्यं घालू नकोस, तुला ती हौस फार. नाही पटलं तर तुझा भाग तू एकटा जाऊन सांग. आणि काहीही झालं तरी घरी तिला कुणी बोलणार नाही, हे तिला आधी सांग, शाळेत जायच्या आधी. तिच्या बापानं तेवढंच मुद्दाम लिहायला सांगितलंय.

मला झोप नाही. पण तुझ्यावरचा जीव जागेवर आहे.
तुझी,
ताई


दि. २७ मार्च, सकाळचे दहा.
भिंगरीला शाळेत सोडून, पोस्टाच्या बाकावर.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमचं दोघांचं म्हणणं मी तिला वाचून दाखवलं. घरी कुणी बोलणार नाही, या ओळीशी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, चल. मी म्हटलं, आधी विचार तर कर. तर म्हणाली की मी रोजच करतेय, तुझंच व्हायचं होतं.

साखळीच्या चष्म्याच्या बाईंपुढे तिनं सगळं चार वाक्यांत सांगितलं. मी पाचवं घालणार होतो, तिनं माझ्या पायावर पाय दिला. बाईंनी मला विचारलं की तुम्ही इतकं हळू बोललात तरी तिला ऐकू कसं गेलं. माझा धंदाच तो आहे, असं मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. यादीतलं नाव त्यांनी आमच्यासमोर खोडलं आणि ती जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलीला दिली. फेरपरीक्षा मिळेल, म्हणाल्या, पण ती प्रतीक्षायादीसाठी, आणि मामा फाटकाबाहेर.

काल ती झाली. मी फाटकापासून लांब, सायकली लावतात तिथे, तोंडात खडीसाखर धरून उभा होतो. जीभ गुंतलेली असावी म्हणून. शिपायानं या खेपेला स्वतःहून मला शोधून पाहिलं आणि लांबूनच हात जोडले.

ती बाहेर आली ती उड्या मारत नाही, रडतही नाही. म्हणाली की त्याच जागी अडले. खिडकीकडे पाहिलं, तिथे झाड होतं. मग मला हे कडवं आठवत नाही असं बाईंना सांगितलं आणि चौथं म्हटलं. तसं चालतं, मामा, असं मला समजावून सांगितलं. प्रतीक्षायादीत तिचं नाव दुसरं लागलं आहे. शाळा उघडेपर्यंत दोघींनी जागा सोडल्या तर बोलावतील, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा. सोडतील की नाही, याचा मी विचार करत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि आपणहून कविता म्हणायला लागली. तिसऱ्या कडव्यापाशी थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी खडीसाखर तोंडात टाकली. एक थांबा गेला. दुसरा गेला. लोक चढले, उतरले, एका आजोबांनी मला विचारलं की पोरीला बरं वाटत नाही का, तर तसं काही नाही, अशी मला हातानंच खूण करावी लागली. आणि मग ताई, आलं. तिचं तिला. गाडीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

खालचा हिशेब भावोजींना दाखव, आणि तुम्हा दोघांची माया आहे तितकी राहिली तरी मला पुष्कळ आहे.
तुझा,
धाकटा

गाडीभाडं, दोन खेपा, माझं पूर्ण आणि तिचं अर्धं — ७२
फेरपरीक्षेचं शुल्क — ५०
खडीसाखर — १० (निम्मी तिनं खाल्ली)
जुन्या दप्तराचा बंद शिवला — १५
हे सगळं माझं. तुमचे दप्तराचे सातशे मी देणं लागतो. नवं आत्ता नको, पुढच्या वर्षी बघू, असं ती म्हणते.