डोळ्यांनी जुळवलेला केशरी

आणि पप्पा, तुमचं ते वाक्य, ‘रंग डोळ्याला कळतो, मशीनला काय डोंबल कळणार’, ते साफ चूक आहे. तेव्हाच सांगणार होते, पण तेव्हा मी नववीत होते आणि माझ्याकडे फक्त राग होता, प्रूफ नव्हतं. आता आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सांगतेय. मराठीत सांगतेय, म्हणजे जसं येतं तसं, तुम्हीच घातलंत ना इंग्लिश मीडियमला. डोळ्याला काही कळत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की दोन गोष्टी सारख्या दिसतायत. सारख्या आहेत की नाहीत हे त्याच्या बापालाही माहीत नसतं. आणि तुम्ही तेवढ्यावर अख्खं आयुष्य काढलंत.

शाळेत कोणी विचारलं की वडील काय करतात, तर मी ‘कलर टेक्नॉलॉजिस्ट’ असं ठोकून द्यायचे. खरं म्हणजे तुम्ही भाईंदर ईस्टच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या दाण्यात रंगाची पावडर मिसळायचात. गिऱ्हाईक बादलीचा नाहीतर टबाचा तुकडा आणून द्यायचं, तुम्ही चिमूट चिमूट पावडर टाकून छोट्या चिपा पाडायचात आणि तुकड्याशी जुळेपर्यंत डोळे बारीक करून बघत बसायचात. वजनकाटा होता, पण तो तुमच्या मते नवशिक्यांसाठी. रविवारी तर घरीही तेच. नवघरच्या त्या एवढ्याशा किचनमध्ये खिडकीतून चांगला उजेड यायचा म्हणून तुम्ही ओट्यावर चिपा मांडायचात आणि मला विचारायचात, “गो बाय, ह्यातली वेगळी कुठची ती सांग.” मी लगेच बोट ठेवायचे. तुम्ही इतके खूश व्हायचात, जसं काही मी बोर्डात आलेय. आणि आई मागून ओरडायची, “त्या टिकल्या उचला आधी, बांगडे कुठे ठेवू, डोक्यावर?” मला तेव्हा ते फार भारी वाटायचं. आता वाटतं, सर्कशीतल्या पोपटाला शिकवतात तसं शिकवत होतात.

तुमचा एकच नियम होता, दुपारी चारनंतर मॅचिंग बंद. शटरजवळच्या दिवसाच्या उजेडात जुळेल तोच रंग खरा, ट्यूबलाइट खोटं बोलते, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हेच मला माफ करता येत नाही. माहीत नसतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं.

तो शनिवार आठवतोय ना? माझी हाफ डे शाळा, आईने तुमचा डबा माझ्याबरोबर पाठवलेला. मी गाळ्यात येते तर तुम्ही सगळे उभे, मध्ये एक पोतं उघडलेलं. शाळेच्या वॉटर बॉटलच्या झाकणांची ऑर्डर, मोरपंखी. आदल्या दिवशी संध्याकाळी सातला टेम्पो दारात येऊन उभा, म्हणून तुम्ही तुमचा नियम मोडून ट्यूबलाइटखाली झाकणांचं मॅचिंग पास केलेलं. सकाळी पार्टीने झाकण बाटलीला लावलं, उन्हात धरलं, तर बाटली निळी आणि झाकण हिरवं. सगळा माल परत. शेठ एक झाकण हातात घेऊन फिरत होते. “ये क्या है? हरा है कि नीला? मेरेको बताओ कोई!” मग, “मॅचिंग किसका था?” तुम्ही म्हणालात, “मॅचिंग तो बराबर था, शेठ.” आवाज अगदी नॉर्मल. मग शेठ मशीनवाल्या काकांकडे वळले. आपल्याच बिल्डिंगमधले काका, खालच्या मजल्यावरचे, ज्यांना तुम्हीच तिथे कामाला लावलेलं. “तो फिर मशीन पे गडबड हुआ?” काका म्हणाले, “शेठ, मेरेको जितना दिया उतनाच डाला. इनको पूछो ना.” इनको म्हणजे तुम्हाला. सगळे तुमच्याकडे बघतायत, मी डबा घेऊन दारात उभी, आणि तुम्ही काय करताय? हातातली चिप उलटी-सुलटी करताय. चिप! जणू त्या क्षणाला जगात तेवढंच एक काम उरलंय.

काकांना त्याच दिवशी काढलं. घरी येताना केबिन रोडला तुम्ही मला न मागता शाईचं पेन घेऊन दिलंत. मी नको म्हटलं तर म्हणालात, “घे गो, अक्षर सुधारतं.” कोणाचं अक्षर, पप्पा? मी तोंडावर विचारलं, “तुम्ही खरं का नाही सांगितलं?” तर तुम्ही रस्त्यातच थांबून असं बघितलंत माझ्याकडे. “मोठ्यांच्या कामात तोंड घालायचं नाय. रंगाचं काय सांगता येत नाय कधी.” रंगाचं सगळं सांगता येतं. तुमचंच काही सांगता येत नव्हतं. नंतर काकू जिन्यात दिसल्या की आई भिंतीला चिकटून उभी राहायची, आणि दोन महिन्यांनी ते लोक नालासोपाऱ्याला गेले. तुम्ही त्यांच्या सामानाला हातही लावायला गेला नाहीत, खिडकीत उभे राहून बघत होतात. त्याच वर्षी तुम्हाला ताप आला आणि आठ दिवसांत गेलात. आई अजून म्हणते की ते तुझ्या शाळेसाठी गप्प बसले. हे तर अजूनच घाण आहे. स्वतःच्या भित्रेपणावर माझं नाव कशाला?

तर ते प्रूफ. मी एम.एस्सी.ला आहे आता, आणि मी प्रकाशाचा रंग बनवते. पावडरचा नाही, प्रकाशाचा. सेमीकंडक्टरचे इतके बारीक कण की केसाच्या जाडीत हजारो बसतील. क्वांटम डॉट म्हणतात त्यांना. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरले की चमकतात. नुसते कण असतील तर रंग साइझवर ठरतो, लहान कण निळ्याकडे, मोठा लालकडे. पण आत चिमूटभर दुसरा मेटल टाकला तर कण प्रकाश पितो आणि ती एनर्जी त्या मेटलला देऊन टाकतो, मग मेटल त्याच्या रंगात चमकतो. मँगनीज टाकलं तर केशरी. होय, चिमूटभर, हसू नका. आमची चिमूट चार डेसिमलपर्यंत मोजलेली असते. ह्याला डोपिंग म्हणतात. आईला सांगितलं तर म्हणाली, “ते खेळाडू पकडले जातात ते? तुला कोणी पकडणार नाही ना?”

माझी आयडिया अशी होती की मिश्रण जास्त वेळ गरम करायचं, कण मोठे होतील आणि मँगनीजचा केशरी सरकत जाईल. सहा बाटल्या केल्या. दिव्याखाली धरल्या तर पहिली निळसर गुलाबी, मग गुलाबी, मग पिकलेल्या पीचसारखी, आणि शेवटची अस्सल केशरी. मी त्या ओळीने लावल्या, एका नजरेत, लेबल न बघता. आमचे गाइड सर आले, म्हणाले, “स्पेक्ट्रम कुठाय?” कुठल्या रंगाचा प्रकाश किती, हे वेगवेगळं मोजणारं मशीन आमच्या कॉलेजात नाही, शहरातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये नंबर लावावा लागतो. मी म्हटलं, “सर, नंबर पुढच्या महिन्यात आहे. पण दिसतंय ना.” सर हसले. “दिसतंय तर खरं.” आणि मी त्याच संध्याकाळी केबिन रोडच्या सायबरमध्ये बसून इंटरकॉलेजिएट कॉम्पिटिशनला टायटल पाठवून दिलं की आम्ही साइझने मँगनीजचा रंग बदलला. मोजायच्या आधी! तुमचीच मुलगी.

मागच्या मंगळवारी नंबर लागला. तिथला ऑपरेटर, पंचेचाळिशीचा असेल, कॉन्ट्रॅक्टवर, शांत माणूस. सहाही बाटल्या त्याने एकामागून एक लावल्या, स्क्रीनवर रेषा काढल्या आणि म्हणाला, “मॅडम, तुमचं केशरी जागचं हललेलंच नाही. सहाच्या सहा एकाच जागेवर आहेत. डावीकडे हे निळं तेवढं कमी होत गेलंय.” मला दोन सेकंदात कळलं. केशरी पहिल्यापासून तोच होता. कणाचा स्वतःचा निळा प्रकाश त्यात मिसळलेला, आणि गरम करत गेलं तसा तो निळा मरत गेला. मँगनीज हट्टी आहे, पप्पा. त्याचा प्रकाश त्याच्या स्वतःच्या आतून येतो, बाहेरचा कण लहान असो की मोठा, त्याला जवळजवळ काही फरक पडत नाही. तांबं टाकलं असतं तर रंग सरकला असता, कारण त्यात अर्धा वाटा कणाचा असतो. किती भारी आहे हे! लाज वाटायच्या आधी मला ते भारीच वाटलं. आणि असं समजू नका की तुम्ही ओळखलं असतंत. तुम्हीही फसला असतात. दोन प्रकाश मिसळले की डोळ्याला ते सुटे करता येतच नाहीत, कोणाच्याच.

पण मग सरांचा फोन आला. “काय गं, किती सरकलं?” आणि मी म्हटलं, “सर, मशीनमध्ये प्रॉब्लेम वाटतोय. ऑपरेटरने नीट सेट केलं नसेल.” आवाज अगदी नॉर्मल. तो माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता, माझ्या बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात परत ठेवत होता, लेबल वर येईल अशी प्रत्येक बाटली फिरवून. त्याने ऐकलं. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, “प्रिंटआउट न्या, मॅडम.” मी ती बॅगेत कोंबली, अजून सरांना दाखवली नाहीये.

सरांनी तिथल्या हेडना फोन करून कम्प्लेंट केली. शुक्रवारी मला अगदी मर्दुमकी सांगावी तसं सांगत होते, “झापलं मी त्यांना. त्याचं कॉन्ट्रॅक्ट ह्याच महिन्यात रिन्यू व्हायचंय, आता बघतील. असल्या माणसांना ठेवतात कशाला?” मी म्हटलं, “हो सर.” मग सर म्हणाले की गुरुवारच्या प्रेझेंटेशनला फोटोच लावू, फोटो सुंदर आलेत, स्पेक्ट्रमचं कोण विचारतंय. सरांना स्वतःचं नाव त्या टायटलखाली हवंय, बाकी मँगनीज हललं काय आणि मेलं काय. मी गप्प राहिले तर सगळं सुरळीत होईल. बोलले तर टायटल गेलं, बाहेर पीएच.डी.साठी सरांचं लेटर गेलं, आणि डिपार्टमेंटमध्ये वर्षभर मी ‘दिसतंय ना सर’ म्हणून फेमस.

आज रविवार आहे, दुपार आहे, आई झोपलीये. हे लॅबच्या जर्नलमागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय, सबमिट करायच्या आधी फाडून टाकीन. नऊ वर्षं मी तुम्हाला मनात भित्रा म्हणत आलेय, आणि तो शब्द मी मागे घेत नाहीये, तुम्ही होतातच. फक्त एक कबूल करते. तुम्ही गप्प तरी बसलात, मी तर तोंड उघडून त्या माणसावर ढकललं, तो समोर उभा असताना. आणि सकाळपासून त्याचा नंबर दोनदा लावला, दोन्ही वेळा रिंग जायच्या आत कट केला. उद्या सरांना सांगायचंच आहे, एवढं ठरलंय. पण त्या माणसाला हे सरांकडून कळावं, का आधी माझ्या तोंडून? विचारायला तुमच्यापेक्षा वाईट माणूस मला सापडणार नाही, तरी विचारतेय. तुम्हाला काय वाटतं, पप्पा, आधी कोणाला सांगू?