अमेरिकेतली अकरावी टाचणी

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
रविवार, ९ मार्च २०२५

ती. बाबांना,

शरयूचा नमस्कार. आईचा गुडघा, तुमचं सकाळचं फिरणं आणि घराचं रंगकाम, तिन्हींची खबरबात ईशान भावाच्या कर्तव्याने कळवतो, म्हणून ‘कसे आहात’ विचारण्याचा उपचार गाळते. इथे आज घड्याळं तासभर पुढे झाली. अंगणातला बर्फ मात्र हलायला तयार नाही.

सहा वर्षांनी मुलीचं पत्र आलं, तेही हाताने लिहिलेलं, म्हणून दचकू नका. काम आहे. आपल्या कुलवृत्तांतासंबंधी एक शंका आहे आणि ती विचारायला मला तुमच्याखेरीज कोणी नाही.

कॉलिनच्या वडिलांना, वॉल्टरना, तुमच्यासारखाच नाद आहे. (इथे सासऱ्यांना नावाने हाक मारतात. पहिली दोन वर्षं माझी जीभ वळेना, तेव्हा मी नुसती खोकत असे.) ते जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले, बायको गेल्यावर आमच्याकडे राहायला आले आणि येताना जगाचा नकाशा घेऊन आले. तो जेवणाच्या खोलीत भिंतभर लावलाय. त्यांचं आडनाव ड्रमेल्वी. फार विरळ. जगात हे आडनाव लावणारी माणसं त्यांच्या मोजणीप्रमाणे त्रेसष्ट. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला एकोणीस, कॅनडात नोव्हा स्कोशियाला चोवीस, न्यूझीलंडात नऊ आणि अमेरिकेत अकरा. प्रत्येकाची एक टाचणी. अमेरिकेतली अकरावी मी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या तेव्हाच्या घरी त्यांनी मला हाताला धरून नकाशापुढे नेलं, माझ्याच हातात टाचणी दिली आणि टोचायला लावली. ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहितात ना आपल्याकडे, तसलंच हे, एवढंच मला सुचलं. मी टोचली. डोळ्यांत पाणीही आलं, खोटं का बोलू?

तुमच्या हाताखाली सुट्ट्यांमध्ये पोस्टकार्डं लिहिली होती, त्यामुळे या घरात मी लगेच कामाची ठरले. पत्रं, जन्मतारखा, कोण कुठे गेलं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नकाशा विभागात आहे, हे तर दुधात साखर. त्यांचा सिद्धांत असा की सगळे ड्रमेल्वी एका अलेक्झांडरची मुलं-नातवंडं. मला तो पहिल्यापासून पटला नव्हता. कारण माझं डोकं आपल्या पद्धतीने चालतं. आडनाव दिसलं की आधी गाव शोधायचं.

आणि ते सापडलं. महिन्यापूर्वी स्कॉटलंडातल्या एका जुन्या जहागिरीचा नकाशा चाळताना नदीच्या काठी एक शेत दिसलं, ड्रमेल्वी. सोबत ते कसणाऱ्यांची यादी. तीन घरं, तीन वेगळी नावं, एकमेकांशी सुतराम संबंध नाही. पुढे शेत मोडलं, तिघे तीन दिशांना गेले आणि ज्या-त्या नव्या गावच्या पाद्र्याने त्यांना ‘ड्रमेल्वीचे’ असं वहीत लिहिलं. झालं आडनाव.

तर शंका अशी. आपल्या देवघळकरांत दोन गोत्रं निघाली तेव्हा तुम्ही आठ दिवस कोणाशी बोलला नव्हतात, आठवतं? मग सर्वांना ते सांगायचं कसं हे तुम्ही कसं ठरवलंत? कारण वॉल्टर सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. जुलैत इथे ड्रमेल्वींचं संमेलन आहे, टी-शर्ट छापून आलेत आणि कागद तीन आठवडे माझ्या बॅगेत आहे.

आमच्या ग्रंथालयात आश्लेषा म्हणून एक नागपूरची मुलगी पीएचडी करता करता काम करते. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, “यार शरयूताई, तू त्यांची हिस्ट्री शोधतेयस की स्वतःचा एस्केप रूट? त्या कागदाचं काय घेऊन बसलीस? क्लिनिकला फोन कर आणि कॅन्सल कर ना सरळ.”

आता तुम्ही विचाराल, कसलं क्लिनिक.

थांबते. चर्चमधून बापलेकांची गाडी आली.


मंगळवार, ११ मार्च

बाबा, पहिली पानं फाडणार होते. राहू देत.

कॉलिन एकुलता एक. त्याच्या पिढीत दुसरा मुलगा नाही, चुलत बहिणींनी लग्न करून नावं बदलली. त्यामुळे अमेरिकेतली बारावी टाचणी लागणार की नाही, हे माझ्यावर आहे. मुलासाठी चार वर्षं उपचार चालू आहेत. दोनदा काहीच झालं नाही. तिसऱ्यांदा राहिलं. वॉल्टरनी सहाव्या आठवड्यातच टाचणी टोचली, लहानशी, पिवळी. नवव्या आठवड्यात ते गेलं. मी हॉस्पिटलातून आले तेव्हा टाचणी काढलेली होती आणि भोक त्यांनी पांढऱ्या लांबीने बुजवलं होतं. मला दिसू नये म्हणून. ते मला रोज जेवताना दिसतं.

कोणी मला एका शब्दाने बोललेलं नाही. हेच तर. वाईट वागले असते तर मी बॅग भरून निघाले असते. कॉलिन रोज संध्याकाळी मला कमरेत इंजेक्शन देतो. औषध तेलातलं, घट्ट असतं म्हणून आधी ती बाटली दहा मिनिटं स्वतःच्या मुठीत धरून ऊबदार करतो. अशा माणसाला काय सांगायचं? क्लिनिकमध्ये गोठवलेला शेवटचा गर्भ शिल्लक आहे आणि येत्या गुरुवारी तो माझ्या पोटात ठेवायचा ठरला होता. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. पहिल्या वेळी मला मूल हवं होतं. मनापासून हवं होतं. आता नकोय. मला माझं अंग परत हवंय, आणि हे वाक्य मी चार महिने गिळतेय.

रविवारी दुपारी मी तो कागद वॉल्टरपुढे ठेवला. मनात कपट होतं, कबूल करते. नाव एका रक्ताचं नाहीच म्हटल्यावर ते वाढवण्याचा हट्टही गळून पडेल, असा माझा हिशेब.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि हसले. “सापडलं तुला. शाबास,” म्हणाले. “मला एकोणीसशे ब्याण्णवपासून ठाऊक आहे.”

“मग हा अलेक्झांडर? हा नकाशा?”

“लोकांना एक आजोबा लागतो, शरी. शेत गेलं. रक्ताचं नातं नव्हतंच. त्या तिघांकडे उरलं काय? नुसतं नाव. म्हणून तर ते जाऊ द्यायचं नाही.” आणि माझ्या हातावर थोपटून त्यांनी टेबलाचा खण उघडून दाखवला. काडेपेटीत ती पिवळी टाचणी जपून ठेवली होती.

मी ज्या दारावर भिस्त ठेवली होती ते त्यांनी तेहतीस वर्षांपूर्वीच प्रेमाने बंद करून ठेवलेलं. मी उठून भांडी घासली. संध्याकाळी इंजेक्शनही घेतलं. घेतलं, बाबा. एवढी मी शहाणी.

काल संध्याकाळी कॉलिनने बाटली मुठीत धरली तेव्हा मात्र मी नको म्हणाले. शेतं, याद्या, गोत्रं, काही मध्ये आणलं नाही.

“नॉट टुडे, ऑर नॉट थर्सडे?” त्याने विचारलं.

“नॉट एव्हर,” मी म्हणाले.

तो बाटली तशीच मुठीत घेऊन बाहेर गेला आणि अंगणात गाडीत तासभर बसला, इंजिन बंद, थंडीत. मग आत येऊन वडिलांसाठी सूप गरम केलं. आज सकाळी मी क्लिनिकला फोन केला. कॅन्सल केलं. त्यांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, माझी इच्छा नाही. पलीकडची बाई “ओके” म्हणाली आणि पुढच्या कॉलला गेली. चार वर्षांचं ओझं आणि एवढंसं काम.

वॉल्टरना कॉलिन सांगणार आहे. तो सांगेल का, कधी सांगेल, मला माहीत नाही. सुटले असं वाटत नाही. संध्याकाळी त्याच टेबलाशी, त्या भिंतीसमोर बसायचं आहे.

तुम्हाला हे का लिहितेय, ते आता सांगते. दिवाळीत ईशानने तुमचा निरोप दिला होता, ‘गोड बातमी आली की बाबा व्हिसा काढणार आहेत.’ तो ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सहा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा येतो म्हणालात, आणि तेही अजून न झालेल्या माणसासाठी. म्हणजे तुमच्याकडेही रिकामी जागा ठेवलेली आहेच. आणि माझी जागा? माझ्या लग्नाला तीन वर्षं झाल्यावर तुमचा कुलवृत्तांत छापून आला. पान एकशे बारा. ‘कु. शरयू, एम.ए., अमेरिकेत नोकरी.’ दुसऱ्यांच्या घराण्यांतली एकेक तारीख पडताळून पाहणारे तुम्ही. तुम्हाला कु. म्हणजे काय ते कळतं. तुम्ही चुकला नाहीत, तुम्ही लिहिलंत. मला फार लागलं ते. अजून लागतं.

मला राग आहे तुमचा. आणि तुमचं अक्षर पाहायला मी आसुसलेय. दोन्ही खरं आहे.

गोड बातमी येणार नाही. आता नाही, पुढेही नाही. नातवंडासाठी यायचं होतं तर व्हिसा काढू नका. मी आहे, एवढंच आहे इथे. त्यासाठी येणार असलात तर मात्र या, मी विमानतळावर उभी असेन.

तुमची मुलगी,
शरयू