आठ जणांची गाडी

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. मोठ्या कामाची आठवण आपल्यापाशी असावी, इतकंच.

काम मोठंच आहे. पायदळाची जुनी चिलखती गाडी नव्या जमान्याची करायची. पुढे चालवणारे तिघे, मागे बाकांवर आठ जवान. ती बनली तेव्हा धोका समोरून यायचा. आता ड्रोन येतो आणि थेट डोक्यावर बसतो. दोन डिझाइनं होणार, एक माझं आणि एक चिंगूसचं. चिंगूस म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. पेन्सिल चिमटीत धरता येईनाशी होईपर्यंत वापरतो. ड्रॉइंग त्याला मीच शिकवलं, डबाही रोज एकत्र खातो. बिचाऱ्याची दया येते.

ज्याचं डिझाइन पास, त्याला प्रकल्पप्रमुखाची खोली. पण मी खोलीसाठी काम करत नाही. माझा धाकटा भाऊ याच गाड्यांच्या तुकडीत आहे, उन्हाळ्यात सीमेवर जाणार. मी हे त्याच्यासाठी करतोय. खोलीला खिडकी आहे, ही गोष्ट वेगळी.

११ फेब्रुवारी
छतावर लोखंडी जाळी. बाजूंना जादा चिलखत. बस्स. संकल्प: याउपर एक खिळाही वाढवायचा नाही.

१९ फेब्रुवारी
बातम्या पाहिल्या. ड्रोन मागूनही येतो. आता जॅमर हवाच, म्हणजे ड्रोनचा सिग्नल गोंधळवणारी पेटी. आत एका जवानाच्या जागी बसवली. सात जणांत भागेल. पोरं हुशार आहेत.

२ मार्च
जॅमरला बॅटरी लागते. बॅटरी तापते, म्हणून पंखा. पंखा गेला तर काय, म्हणून दुसरा पंखा. आणखी दोन जागा गेल्या. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. परिस्थितीप्रमाणे वाढला.

चिंगूस हल्ली डब्याला नसतो. वेल्डर म्हणाला, ते रोज जवानांच्या छावणीत जातात. डिझाइन जमत नसेल तर माणूस असा भटकतो.

१० मार्च
भाऊ जेवायला आला. बोलता बोलता म्हणाला, चिंगूस एक अख्खा दिवस त्यांच्याबरोबर गाडीत बसला होता. पाठीवर पूर्ण सामान, गुडघ्याला गुडघा लावून. डोकं कुठे आपटतं, बाहेर पडताना कोण कुठे अडकतं, सगळं विचारत होता.

माझ्या सख्ख्या भावाला! माझ्या नाकावर टिच्चून! मी भावाला म्हटलं, अरे, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, दादा, तू कधी विचारलंस?

विचारायचं काय त्यात? माझ्याकडे ड्रॉइंग आहे. त्यात आठ जवान व्यवस्थित काढलेले आहेत. बायको म्हणाली, भावजींचं बरोबर आहे. म्हणजे घरातही फितुरी. निषेध म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. नंतर फार भूक लागली.

२७ मार्च
चारी बाजूंना कॅमेरे. त्यांचे पडदे आत. धूर सोडणारी नळकांडी, त्यांचं सामान आत. गाडी आता किल्ला झाली आहे. मागचा दरवाजा बॅटरीला अडकून अर्धाच उघडतो, पण त्यामुळे शत्रूलाही आत शिरणं अवघड. हा फायदा आधी लक्षात आला नव्हता.

५ एप्रिल, सकाळ
आज ट्रायल. नवा शर्ट. चाचणीच्या तुकडीचा प्रमुख भाऊच आहे. चिंगूसने त्याच्यावर कितीही जाळं टाकलं तरी रक्ताचं नातं शेवटी रक्ताचं.

५ एप्रिल, संध्याकाळ
लिहवत नाही. तरी लिहितो.

आठ जण आले. माझ्या गाडीत तिघे शिरले. चौथा शिरला, पण त्याचं सामान बाहेर राहिलं. उरलेले चौघे लग्नात पंगत उठायची वाट बघावी तसे उभे. मोठ्या साहेबांनी भावाचं मत विचारलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, गाडी एकदम सुरक्षित आहे साहेब, पण आम्ही मागून चालत यायचं का?

सगळे हसले. साहेब हसले. वेल्डर हसला. त्यांचं मी मनावर घेत नाही. पण याला मी सायकल शिकवली होती. मागे धरून गल्लीभर धावलो होतो.

चिंगूसच्या गाडीत आठही जण झटकन शिरले, झटकन उतरले. वर जाळी, आतून ढकलली की उघडणारी. छोटा जॅमर, तोही बाहेर. दरवाजा सताड उघडा. यात डिझाइन ते काय? खोली त्याला मिळाली. जाताना मला म्हणाला, तुमच्याकडूनच शिकलो. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

२ मे
भाऊ सीमेवर निघाला. चिंगूसच्या डिझाइनची पहिली गाडी त्यांच्याच तुकडीला मिळाली आहे. निरोप द्यायला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. बायको एकटी गेली. तो आगगाडी सुटेपर्यंत दादा येतोय का बघत होता म्हणे. बघू दे. मला फार लागलंय. चारचौघांत बोलण्याआधी त्याने मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. ऐकलं नसतं, पण सांगायला हवं होतं.

१४ जून
दुपारी भावाचा फोन. आवाज बसलेला. सकाळी त्यांच्या गाडीवर ड्रोन आदळला. जाळीवरच फुटला. गाडी पेटली, पण पुढचे तिघे आणि मागचे आठ, सगळे वेळेत बाहेर पडले. खरचटण्यापलीकडे कुणाला काही नाही.

मी जमिनीवरच बसलो. तो दोनदा म्हणाला, दादा, आहेस ना?

मग म्हणाला, दादा, एक काम होतं. मला कळलं, आता माफी मागणार. मी मोठ्या मनाने माफ करायची तयारी केली.

त्याने चिंगूसचा नंबर मागितला. सगळ्या पोरांना त्याच्याशी बोलायचंय, म्हणाला.

मी नंबर सांगितला. शेवटचा आकडा मुद्दाम चुकीचा सांगितला.

फोन ठेवला. पाणी प्यायलो. मग पुन्हा फोन लावला आणि बरोबर आकडा सांगितला.