चौदा नंबरची उशी

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे, मी आणि माझी नात. खोली ऐसपैस आहे. खिडकीला गज आहेत पण वारा भरपूर, आणि नळाला दिवसभर पाणी. आणखी काय पाहिजे? ही संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी ही वही दिली. कोणती उशी कधी धुतली ते रोज लिहायचं. मी चौथी पास, तेवढं येतं. उशांचं पुढून लिहीन, माझं मागून.

नातीला सगळे ठिणगी म्हणतात. नऊ वर्षांची. वर्षापूर्वी तिची आई, म्हणजे माझी लेक, गेली. तेव्हापासून पोरगी चावते, फोडते, किंचाळते. तीन शाळांनी आमच्यापुढे हात जोडले. इथं असल्याच मुलांना बरं करतात. मी धुण्याचं काम धरलं तर तिच्याजवळ राहता येईल, म्हणून आले. पाय ठेवल्या ठेवल्या तिनं वॉचमनच्या मनगटाला दात लावले. तो म्हणाला, आजी, ही पोरगी आहे का मांजर? मी म्हटलं, हात घालायच्या आधी विचारायचं होतंस.

बुधवार, ५

काम समजलं. दर मुलाला एक उशी, तिच्यावर नंबर. ठिणगीची चौदा. सकाळी मुलाला उशीच्या खोलीत नेतात. तिथं त्यानं उशीत तोंड खुपसून पाहिजे तेवढं ओरडायचं. मोठ्या बाई शेजारी बसतात, पाठीवर हात ठेवून. राग असा बाहेर काढायचा म्हणे. आमच्या वेळी पाठीत एक धपाटा बसला की उपचार संपायचा. पण मला काय करायचंय, मी धुणारी.

खोळी धुवायच्या. उशा गच्चीवर उन्हात टाकायच्या आणि कापूस मोकळा होईस्तोवर काठीनं बडवायच्या. शिवण उसवायची नाही, एवढं एकच बजावलंय. कपाटात वरच्या फळीवर एक बिननंबराची उशी आहे, दगडासारखी टणक. माझ्या आधी जी बाई धुवायची तिची म्हणे. ती अजून इथंच असते, स्वयंपाकघरात चमचे पुसत बसते. हाक मारली की हसते. बरी वाटली बाई. निदान चुगल्या तरी करायची नाही.

बुधवार, १२

जीव भांड्यात पडला. ठिणगीनं आज गुपचूप वेणी घालून घेतली. वॉचमनला जाऊन सॉरी म्हणाली, तर तोच बिचारा दोन पावलं मागे सरकला. मी मोठ्या बाईंचे हात धरले. त्या म्हणाल्या, अजून थोडं बाकी आहे.

चौदा नंबरमध्ये मात्र गाठीच गाठी. वजनही वाढलंय. दोन्ही हातांनी काठी धरून बडवली. घाम निघाला, पण मन कसं हलकं झालं. वर्षभराचा माझाही राग होताच की. लेक गेली ती गेली, हे असलं पोर माझ्या पदरात टाकून गेली.

रविवार, १६

दारात ठिणगीचं बोट चेमटलं. नख काळंनिळं. ती बोटाकडे बघत राहिली, जसं शेजारच्याचं असावं. हूं की चूं नाही. मग मी मुद्दाम तिच्या आईचा विषय काढला. आधी विषय काढला की ताट भिंतीवर जायचं. आज म्हणाली, आई वारली ना, आजी. गाडी चुकली म्हणावं तसं.

माझी चावरीच परवडली.

मोठ्या बाईंना सांगितलं, पुरे झालं तुमचं, आम्ही निघतो. त्या म्हणाल्या, खुशाल निघा, दार उघडंच आहे. ठिणगीचा हात धरून ओढलं. ती जागची हलली नाही. म्हणाली, तू जा, आजी. मला इथं बरं वाटतं.

तिला टाकून कुठं जाऊ?

मंगळवार, १८

गच्चीवर होते. काठी मारली की आवाज येतो. खाली कुणी पोर रडतंय वाटलं. वाकून पाहिलं, अंगण रिकामं. पुन्हा मारली, पुन्हा आला. काठी थांबली की तोही थांबतो. नऊ नंबर बडवून पाहिली. तिच्यातूनही येतो. गळा दुसरा —

काठी टाकून दिली.

गुरुवार, २०

उसवली. भर दुपारी, गच्चीवर बसून. आत कापूस ओला, कोमट, मुठीएवढे गोळे. कान लावला.

ठिणगी.

राग नव्हताच तो. एवढे दिवस ती उशीत मला हाका मारत होती. आजी, मला ने इथून. आजी, ये ना. आणि सगळ्यात वरच्या गोळ्यात — आजी, मारू नको.

पंधरा दिवस. रोज. दोन्ही हातांनी.

गुरुवारच, संध्याकाळ

उशी पोटाशी धरून तिच्याकडे नेली. म्हटलं, तुझं आहे हे, परत घे. चाव मला, ताट फोड, काहीही कर. तिनं सुईदोरा मागितला. मला वाटलं — काय वाटलं देव जाणे, दिला. उशी मांडीवर घेऊन शिवायला बसली. बारीक टाके, अगदी माझ्या लेकीसारखे. एकेक टाक्याला आतला आवाज लहान होत गेला. हिसकावून घ्यायची होती. हात उठला नाही. याच हातांनी —

शुक्रवार

सकाळपासून ओरडतेय. कोण ऐकतंय. मुलं शांत बघतात, सगळी एकसारखी. चमचेवालीनं बाकावर मला जागा करून दिली. हसली.

मोठ्या बाई म्हणतात, त्रास तुम्हालाच आहे. कोरी उशी काढलीय. नंबर नाही.

मेले तरी तोंड लावणार नाही. मेले तरी —

नंतर

उशी ठिणगीच घेऊन आलीय.

म्हणते, तू फार रडतेस गं. गालाला हात लावला तिनं. वर्षानं. हात तिचाच आहे, उबदार, नख काळं

म्हणते, इथं रड

एकदाच. तिनं हात काढू नये म्हणून. जी कोण धुवायला येईल माझ्यामागून — बाई गं, बडवू नकोस. आणि चौदा नंबर फळीवर माझ्या शेजारी ठे