दुसऱ्यांदा धावलेली शर्यत

प्रेस्कॉट, ॲरिझोना
१४ ऑक्टोबर १९३१

प्रिय ऑर्व्हल,

इतक्या वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी क्षमा मागते. दर नाताळात मोंटानाहून तुझं कार्ड येतं, त्यावर सहीखेरीज काही नसतं, आणि ते घड्याळाला टेकवून ठेवताना मी म्हणते, या वर्षी उत्तर लिहीन. रोजनिशीत पानंच्या पानं भरणाऱ्या बाईला तुला चार ओळी लिहिणं का जमलं नाही? हेसुद्धा आधी रोजनिशीच्याच पानावर लिहितेय. वेळ नव्हता, असं म्हणवत नाही. ते खरं नाही.

क्लेम अंथरुणाला खिळलाय. छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात, बर्फ पडेपर्यंत दिवस काढले तर पुष्कळ. तुला आठवतो तो क्लेम एका हातानं वासरू आडवं करायचा. आता त्याचा कॉफीचा कपसुद्धा मी धरते. पण दुखण्यापेक्षा त्याला दुसरंच काहीतरी खातंय, आणि ते माझ्याच्यानं निघत नाही. गेल्या हिवाळ्यात त्याला गावात बोलपटाला नेलं होतं. बाहेर येताना म्हणाला, "ही माणसं गुरं हाकतात कमी आणि बडबडतात फार. आपलं बरं होतं. तोंड बंद, घोडा चालू." मग घरी येईपर्यंत कोटाची कॉलर वर करून बाहेर बघत बसला. मला वाटलं, थंडी बाधली.

आपल्या त्या मूकपटाला मी तेव्हा किती हसले होते! सिनेमावाले कॅमेरा घेऊन गुरांच्या रँचवर आले, त्यांची नायिका उन्हानं आजारी पडली आणि शाळेला सुट्टी म्हणून तिचा झगा माझ्या, मास्तरणीच्या, अंगावर चढला. रँचमालकाच्या मुलीवर दोन काउबॉय जीव टाकतात, एवढीच गोष्ट. ते काउबॉय झालात तू आणि क्लेम, आणि तुम्ही तर आधीपासूनच दर रविवारी काही ना काही निमित्त काढून शाळेच्या पायरीवर हजर! स्वयंपाकी टॉलिव्हर सगळ्यांदेखत ओरडला होता, "अहो डायरेक्टरसाहेब, यांना मजुरी कसली देता? हे तर फुकटातच करताहेत!" गोष्टीत शेवटी शर्यत होती. जिंकेल त्यानं मुलीला मागणी घालायची, हरेल त्यानं मुलूख सोडायचा. डायरेक्टर कर्ण्यातून म्हणाले, "नाटक नको. खरंच पळा. जो जिंकेल तो जिंकेल."

तुझी घोडी ज्युनिपर पुढे निघाली ती निघालीच. शेवटच्या पांढऱ्या खुणेशी क्लेम चांगला चार घोड्यांच्या लांबीनं मागे होता. आणि मग कॅमेरावाल्यानं पेटी उघडली, तर आत फिल्मचा नुसता चुरगळा. "घोडे परत न्या!" डायरेक्टर ओरडले. क्लेम म्हणाला, "परत कशाला? शर्यत झाली की." डायरेक्टर म्हणाले, "कॅमेऱ्यानं पाहिली नाही ती झालीच नाही." दुसऱ्या खेपेला ज्युनिपर दमली होती, क्लेम जिंकला. तू हॅट उचललीस, माझ्याकडे नाही, क्लेमकडे पाहिलंस आणि निघालास. कॉटनवुडच्या झाडापर्यंत जाऊन वळायचं ठरलं होतं. तू वळला नाहीस. डायरेक्टर टाळ्या पिटत होते, "काय काम केलं पोरानं!" जेवायच्या वेळी टॉलिव्हर तुझी थाळी झाकून बडबडत बसला, "बीन्स गार होताहेत, याचं नाटक अजून संपेना."

सिनेमा गावात लागला तेव्हा पडद्यावर अक्षरं आली, "जो जिंकेल, त्याचीच ती." मी ओहायोच्या कॉलेजात शिकलेली, असली वाक्यं मला बाळबोध वाटायची. मी हसले. क्लेम मध्येच उठून घोडे बघायला गेला. लाजला असेल, असं मी त्या दिवशीच्या पानावर लिहिलंय.

गेल्या आठवड्यात क्लेमच्या तोंडून मला कळलं. त्या सकाळी तुम्ही दोघांनी कुंपणामागे हात मिळवला होता म्हणे. सिनेमातली अट खरी धरायची, असा. तो हात, ती अट, सगळं ठरलं आणि जिच्यावरून ठरलं तिला कुणी विचारलं नाही. मी चिडून म्हणाले, "मी काय जत्रेतल्या बक्षिसाची कालवड होते?" तो हसला, मग खोकला, मग म्हणाला, "शर्यत ऑर्व्हलनं मारली होती, लव्हिनिया. शब्द देताना कॅमेऱ्याचं बोलणं झालंच नव्हतं. दुसऱ्याचं घेऊन मी आयुष्य काढलं." मी म्हटलं, कुणीही जिंकलं असतं तरी मी तुलाच हो म्हटलं असतं. त्यानं माझा हात थोपटला. "मास्तरीणबाई, शिकलेली आहेस. मरणाऱ्याला काय सांगायचं ते तुला बरोबर कळतं."

ऑर्व्हल, हे खरं होतं हे जगात तुला आणि मलाच ठाऊक आहे. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या हातपंपाशी तू मला लग्नाचं विचारलंस, आणि मी क्लेमचं नाव घेतलं. तू पंपाचा दांडा दोनदा उगाच हलवलास आणि म्हणालास, "मास्तरीणबाई, एक करा. हे कुणाला सांगू नका. क्लेमला तर नकोच." मी शब्द दिला आणि आजवर पाळला. निव्वळ शब्दासाठी पाळला, की तुझ्याबद्दलचं काहीतरी एकटीजवळ ठेवायला मला आवडत होतं, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. ज्युनिपर खरंच दमली होती का, हेही मी विचारणार नाही. पण नकार ऐकून बसलेला माणूस दुसऱ्या सकाळी त्याच मुलीसाठी हात मिळवतो, हरतो आणि शब्दाला जागून मुलूख सोडतो, हे मला आता कुठे कळतंय. इथली माणसं अजून तुझं नाव तसंच घेतात, शर्यत हरलेला आणि शब्द पाळलेला ऑर्व्हल. तेवढंच नाव तू इथून घेऊन गेलास, आणि तेच मी परत मागतेय. मी शब्द मोडून सांगितलं, तरी क्लेम त्याला माझी दयाच समजेल. तुझ्या तोंडून ऐकलं तर मानेल. ये, आणि त्याच्या उशाशी बसून सांग, की तुला आधीच नकार मिळाला होता. येणं जमत नसेल तर तार कर. तेही नको वाटलं, तर मला राग येणार नाही. मी गप्प राहीन आणि तो तसाच जाईल.

तुझी स्नेहांकित,
लव्हिनिया

उद्या: क्लेमची दाढी करायची.