चार जणांचं रक्त आणि तेओदोराबाईंचे बटाटे

अरेकिपा, शनिवार

प्रिय एदुविहेसताईस धाकट्या निकोलासाचा नमस्कार.

चापीच्या देवमाउलीच्या कृपेने तुझे गुडघे, कोंबड्या आणि भावजी (क्रम तुझाच) ठीक असावेत. माझं म्हणशील तर पोट सोडून बाकी सगळं उत्तम.

मंगळवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर सेगार्रा म्हणतात, कॅन्सर इतका पसरलाय की दुर्बिणीच्या बारीक भोकांनी भागणार नाही. पोट बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उघडून गर्भाशय, अंडाशय, आसपासच्या गाठी, चिकटलं असेल तर आतड्याचा तुकडाही काढायचा. (शाळेत नन्सनी या धड्याची पानं चिकटवून टाकली होती, तोच आता परीक्षेला आला.) मी म्हटलं, म्हणजे ईस्टरआधी कपाट आवरतात तसं. "कपाटातून रक्त जात नाही, सेन्योरा," ते म्हणाले. माणूस भला आहे, पण हसत नाही.

तर रक्त. इस्पितळाचा नियम असा की घरच्यांनी चार रक्त देणारे आणायचे, कोणत्याही गटाचे, नाहीतर तारीख दुसऱ्या बाईला. फादरांनी मिस्सेत आवाहन केलं. पहिला आला बँडातला विल्फ्रेदो. त्याने माझ्यासाठी नवस बोलून दंडावर माउली गोंदवून घेतली होती. नर्स म्हणाली, गोंदण ताजं आहे, वर्षभर रक्त चालणार नाही. आमचे फोर्तुनातो अशक्तपणा येऊ नये म्हणून सकाळीच तळलेलं डुक्कर खाऊन गेले. रक्तावर तवंग आला, परत पाठवलं. शेजारच्या तेओदोराबाई वजनात कमी भरतात, म्हणून त्यांनी परकरात बटाटे बांधले. काट्यावर एक घरंगळला, नर्सच्या पायाशी.

"आजी, अजून किती आहेत?"

"किती लागतील?"

(बटाटे मला दिले. दोन दिवस सूप झालं.)

शेवटी रक्त दिलं ते समोरच्या प्रार्थनाघरातल्या, माउलीला न मानणाऱ्या एव्हांजेलिकांनी, ज्यांच्या कर्ण्याविरुद्ध मी नगरपालिकेत दोनदा अर्ज केला होता. चौघे गात गात आले. त्यांचे पाळक म्हणाले, "बहीणबाई, आता आमची गाणी तुमच्या अंगातच वाजणार. अर्ज कुठे देणार?" गैरसमज नको म्हणून मी माउलीला आधीच सगळं सांगून ठेवलंय.

तेव्हा सोय झाली आहे. तू येऊ नकोस. बसभाडं वाया, आणि कोंबड्यांकडे कोण बघणार?

तुझी,
निकोलासा

ता. क. ये. उघडल्यावर फारच पसरलेलं दिसलं तर काही न काढता पुन्हा शिवतात, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी आत नेतील. देवळाची दुपारची घंटा व्हायच्या आत डॉक्टर बाहेर आले, तर तेच झालं समज. फोर्तुनातोंना लपवता येत नाही, आधी नाक लाल होतं. म्हणून बाहेर तू बस. शुद्धीवर आल्यावर मी विचारीन, घंटा झाली होती का. काहीही झालं असलं तरी म्हण, केव्हाच झाली.

ता. क. दुसरा. खोटं बोलताना तू माझ्या डोक्यावरून हात फिरवतेस. आई गेली त्या दिवशी "झोपलीय" म्हणालीस, तेव्हाही फिरवला होतास. या वेळी फिरवू नकोस.

ता. क. तिसरा. फिरव.